‘मूल नाहीतर पैसे परत’: पिशवीच्या आकारावर दोनदा कमावणारं पॅकेज

ज्यांच्या गर्भाशयाचा आकार जन्मतः वेगळा आहे आणि ज्या गोव्यात उपचार शोधताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे सेंटरचं नाव घेत नाही. पद्धत मात्र सांगते.

मला दिवस राहायला कधी अडचण नव्हती. टिकत नव्हते. चौथा महिना लागता लागता सगळं संपायचं. डिचोलीच्या डॉक्टरांनी एचएसजी करायला लावली, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेला एक्स-रे. (‘थोडंसं दुखेल’ म्हणतात, त्यावर जाऊ नका.) फिल्मवर पिशवीला दोन शिंगं दिसली. ती घेऊन आम्ही म्हापशाला एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या ‘मोफत वंध्यत्व शिबिरा’त गेलो.

डॉक्टर जेमतेम भेटले. बाकी सगळं बोलला तो टाय लावलेला कौन्सेलर. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाला, ‘‘ताई, पिशवीत पडदा आहे. आधी पडदा कापू, मग आयव्हीएफ. मूल नाहीतर पैसे परत, लेखी देतो.’’ पॅकेज पावणेचार लाखांचं, ऑपरेशनचे पासष्ट हजार वेगळे. सासूबाईंनी पाटल्या मोडल्या.

एचएसजीत पिशवीची फक्त आतली पोकळी दिसते. आत पडदा असला तरी दोन शिंगं दिसतात, आणि पिशवी मुळातच वरून दुभंगलेली असली तरीही दोन शिंगंच दिसतात. फरक कळतो तो बाहेरच्या कडेवरून, आणि त्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. पडदा दुर्बिणीने कापता येतो. दुभंगलेल्या पिशवीत कापायला पडदाच नसतो, तिथे कात्री चालवली तर पिशवीला भोक पडण्याची भीती. पडद्याच्या बाबतीतही सगळं पक्कं नाही: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पडदा कापलेल्या बायकांना न कापलेल्यांपेक्षा जास्त मुलं झाली नाहीत. यातलं एक अक्षर आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि एमआरआयचं तर नावही निघालं नाही.

ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, भ्रूण सोडले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पैसे मागायला गेलो तेव्हा तोच कौन्सेलर, तोच टाय. त्याने कराराची मागची बाजू काढली. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘गर्भाशयाचा जन्मजात दोष असल्यास परतावा लागू नाही.’ जो दोष दाखवून पॅकेज गळ्यात मारलं, त्याच दोषावर बोट ठेवून हात वर केले! नवरा म्हणाला, ‘‘पण पडदा तुम्हीच कापलात ना?’’ त्यावर, ‘‘सर, कंपनी पॉलिसी आहे.’’

मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करायला लावला. पडदा नव्हताच, कापल्याची खूणही नव्हती. दुभंगलेली, दोन शिंगांची पिशवी. त्यांनी जुनं डिस्चार्ज कार्ड मागवून घेतलं. बिलावर ‘पडदा शस्त्रक्रिया’ आणि कार्डावर फक्त ‘तपासणीसाठी दुर्बीण’. म्हणजे आत बघितलं, कापण्यासारखं काही सापडलं नाही, आणि पासष्ट हजार मात्र कापले. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, तुला आपोआप दिवस राहत होते. आयव्हीएफने पिशवीचा आकार थोडाच बदलतो?’’ अशा पिशवीत गर्भपाताचा, वेळेआधी बाळंत होण्याचा, बाळ आडवं किंवा पायाळू असण्याचा धोका जास्त असतो. पण नीट लक्ष ठेवलं तर पुष्कळ बायकांची बाळंतपणं होतात. मूत्रपिंडंही तपासून घ्यायला सांगितली, कारण पिशवी आणि मूत्रपिंडं गर्भात जोडीनेच घडत असतात.

कागद मिळवताना सेंटरने फार फिरवलं. शेवटी लेखी अर्ज दिला. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, हे अर्जातच लिहिलं, तेव्हा झटकन मिळाल्या. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) अशा सेंटरला नोंदणी सक्तीची आहे, तक्रार कक्ष ठेवावा लागतो, आणि यशाची शक्यता, खर्च, धोके आधी समजावून सांगावे लागतात. आमच्या सेंटरचा तक्रार कक्ष म्हणजे रिसेप्शनवरची एक वही.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आम्ही एमआरआय, बिल आणि डिस्चार्ज कार्ड एकत्र जोडलं. आयव्हीएफ खरोखरच लागणार असेल, तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, ते मोफत होतं. शिबिरात हे कोण कशाला सांगेल?

नोटीस गेल्यावर सेंटरचा फोन आला. चाळीस हजार देतो, ‘कसलीही तक्रार नाही’ असं लिहून द्या. आम्ही म्हटलं, आधी डिस्चार्ज कार्डावर पडदा दाखवा. अजून दाखवलेला नाही.