कारवारची बदली: बिऱ्हाड सोबत न्यायचं की बडोद्यातच ठेवायचं?

बडोद्याच्या मराठी घरातला मुलगा नौदलात असेल आणि त्याच्या नावाने कर्नाटक किनाऱ्यावरच्या कारवारच्या नौदल तळाचा सिग्नल, म्हणजे बदलीचा हुकूम निघाला, की घरात एकच वाद सुरू होतो. बायका-मुलांना तिकडे न्यायचं, की इथेच आजी-आजोबांजवळ ठेवायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. मुंबईच्या जहाजावर होतो तेव्हा बायको आणि मुलगी बडोद्यातल्या अकोटा भागातल्या घरी आई-बाबांजवळ होत्या. कारवारला आल्यावर सुरुवातीला तीच घडी ठेवली, मग बिऱ्हाड हलवलं. सरकारी क्वार्टरच्या यादीत नाव कसं लावतात, कॅन्टीन कार्डाचं काय करायचं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात शिरत नाही.

पैशाचा हिशेब आधी उरकून टाकू, कारण माझ्या मते निर्णय त्यावर ठरत नाही. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग असतात; बडोदा वाय वर्गात येतं, कारवार झेडमध्ये, म्हणजे मूळ पगाराच्या २० टक्के आणि १० टक्के. क्वार्टर मिळालं की भत्ता बंद. बिऱ्हाड हलवलं तर बदलीचं अनुदान मूळ पगाराच्या ८० टक्के, आणि सामानाची मर्यादा पगाराच्या लेव्हल ५ ला ३००० किलो, लेव्हल ६ पासून ६००० किलो. आमचं सगळं सामान, बायकोचं शिलाई मशीन आणि मुलीची सायकल धरून, त्या मर्यादेच्या जवळपासही गेलं नाही. दोन ठिकाणी चूल पेटवायचा खर्च धरला तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. शंभर-दोनशे इकडेतिकडे.

बडोद्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी कमी लेखत नाही. स्वतःचं घर, ओळखीचा डॉक्टर, पाच मिनिटांवर नातेवाईक, गणपतीत घर भरलेलं. बायकोचे शिकवणीचे वर्ग तिथे जमलेले होते. ते कारवारला पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागले आणि अजून तितके भरत नाहीत. शिवाय आई-बाबांचा प्रश्न आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी अकोट्यात शिरलं तेव्हा मी समुद्रात होतो. आमचं घर तळमजल्याचं. बायकोने शेजारच्या पोरांना हाक मारून आई-बाबांना वरच्या मजल्यावर हलवलं, तांदळाची कोठी आणि देव माळ्यावर चढवले, आणि मला हे सगळं कळलं बंदरात आल्यावर. ती तिथे नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या घरात अजून निघतो. आता बहीण जवळ राहायला आली आहे म्हणून जमतं. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर पुढचं वाचताना हे एवढं डोक्यात ठेवा.

कारवारबद्दल घरच्यांच्या मनात उगाच भीती असते. आयएनएस कदंब, म्हणजे कारवारचा नौदल तळ, २००५ साली सुरू झाला तेव्हाच्या गोष्टी जुनी मंडळी अजून रंगवून सांगतात: आजूबाजूला काही नाही, संध्याकाळी सातनंतर अंधार. आता तसं राहिलेलं नाही. सीबर्डच्या, म्हणजे हा तळ उभारायच्या प्रकल्पाच्या, दुसऱ्या टप्प्यात राहायच्या इमारती झाल्या, २०२४ मध्ये टॉवरांचं उद्घाटनही झालं. तळाच्या परिसरात केंद्रीय विद्यालय आहे, दवाखान्याला आयएनएचएस पतंजली आहे. मोठं काही निघालं तर कारवारकर जातात तसं गोव्याला नाहीतर मणिपालला जावं लागतं, हे मात्र खरं. बोलायची अडचण नाही. तिथली बोली कोकणी, आणि मराठी बहुतेकांना समजते. माझ्या आईने पहिल्याच रविवारी बाजारात इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, भावावरून जी घासाघीस केली, ती तिला बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्येही इतकी जमत नसेल.

शाळेचं सरळ आहे. मूल बडोद्यात केंद्रीय विद्यालयात असेल तर वडिलांच्या बदलीवर तिकडची टीसी होते, फार धावपळ नाही. खासगी शाळेत असेल तर वर्ष संपेपर्यंत थांबा. दहावी-बारावी असेल तर हा लेख इथेच सोडा आणि बडोद्यात राहा.

कारवारची खरी कटकट म्हणजे ओल. बडोद्यापेक्षा तिपटीहून जास्त पाऊस, वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी, लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली, हिंगाच्या डबीचं झाकण गंजून बसलेलं. तिथल्या बायकांनी माझ्या बायकोला पहिल्याच आठवड्यात उपाय शिकवला: कपाटाच्या तळाशी कपड्यांपासून लांब, जाळीआड एक बल्ब लावून ठेवायचा. एलईडी चालत नाही, तो पुरेसा तापत नाही. जुना तारेचा बल्ब लागतो, आणि तो हल्ली शोधावा लागतो. प्लायवूडचं कपाट नेऊच नका, फुगून दार लागेनासं होतं. पैठण्या सासूबाईंकडे ठेवा.

एवढं सगळं बघितलं तर कुणीही म्हणेल की बडोदं बरं. मीही तसंच म्हणत होतो. माझं पारडं फिरवलं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने: रेल्वेच्या आरक्षणाने.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस होते. बडोद्यावरून कोकण रेल्वेने कारवारकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या, लांबून येणाऱ्या आणि पार केरळपर्यंत जाणाऱ्या. मे महिन्यात, दिवाळीत त्या उघडताक्षणी भरतात. आणि जहाजावरच्या माणसाला ६० दिवसांनी आपण कुठे असू हे माहीत नसतं. माहीत असलं तरी फोनवर सांगायचं नसतं. मग उरतं तत्काळ. आदल्या दिवशी सकाळी १० वाजता एसी, ११ वाजता स्लीपर. त्या वेळी मी जहाजावर, ड्युटीवर. २०१९ च्या अखेरीपासून स्मार्टफोनला जहाजावर बंदी. त्यात जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारचा ओटीपी आला. तिकीट काढायला बायको बडोद्यात लॅपटॉप उघडून बसलेली, ओटीपी माझ्या फोनवर, आणि फोन बाहेर जमा. तो तिढा तिच्या स्वतःच्या आधारवर खातं उघडून सुटला. पण त्यामागचा सुटेना: माझ्या रजेवर सही व्हायची दुपारी, तत्काळ संपायचं सकाळी, दहा वाजून काही मिनिटांतच. दुसऱ्या दिवसाचं तत्काळ धरायचं म्हणजे रजेचा एक दिवस तिथेच गेला. जायला जवळपास एक दिवस, यायला एक दिवस. चार दिवसांच्या रजेत घरी किती, ते तुम्हीच काढा. डिफेन्स कोटा आहे, पण तो मिळेल असं धरून मुलीला 'शनिवारी येतो' असं सांगता येत नाही. दोनदा सांगितलं आणि गेलो नाही, की तिसऱ्यांदा ती विचारतच नाही.

यात रेल्वेचा दोष नाही, नौदलाचाही नाही. दोघांची वेळापत्रकं एकमेकांना भेटत नाहीत, इतकंच. मुंबईला असताना हा प्रश्न मला कधी जाणवलाच नाही. बडोदं चारशे किलोमीटरच्या आत, दिवसभर गाड्या. पाच वाजता सुटलो तर जनरलच्या डब्यात दारापाशी उभं राहूनसुद्धा रात्री घरी. त्यामुळे बदली मुंबईची असती तर मी आजही बिऱ्हाड बडोद्यातच ठेवलं असतं, क्वार्टरच्या रांगेत उभाही राहिलो नसतो. माझी कसोटी एवढीच आहे: आरक्षणाशिवाय घरी पोहोचता येतं का? येत असेल तर हलू नका. कारवारहून येत नाही.

बिऱ्हाड कारवारला आल्यावर जहाजाच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. मी असतो तितकाच बाहेर असतो, बायको एकटीच सांभाळते, आणि पहिल्या पावसाळ्यात तिने मला बरंच सुनावलंही. पण जहाज दोन रात्री जरी धक्क्याला लागलं, तरी त्या दोन्ही रात्री मी घरी जेवतो. आधी असे दोन-दोन दिवस मेसमध्ये कॅरम खेळण्यात जायचे. वर्षाअखेरीस या तुटक दिवसांचीच बेरीज मोठी होते, निदान आमच्या घरी तरी झाली.

बायकोची पक्की सरकारी नोकरी बडोद्यात असेल किंवा आई-बाबांपाशी दुसरं कुणीच नसेल, तर माझं म्हणणं लागू नाही, हे मान्य. बाकीच्यांनी मात्र यादीत नाव लावून सामान बांधायला घ्यायला हरकत नसावी. क्वार्टर हाती येईपर्यंत शहरात भाड्याचं घर बघा, पण तळमजला घेऊ नका. ट्रक एप्रिल-मेमध्येच काढा. जूनमध्ये ताडपत्रीखालून भिजलेल्या गाद्या कारवारात चार महिने वाळत नाहीत. आणि आई-बाबांना बोलवायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यांचं तिकीट ६० दिवस आधी बिनधास्त काढता येतं. ते काही जहाजावर नसतात.