बालमित्रांसाठी दोन चित्रपटांपैकी कोणता?

दिवाळीत कोल्हापुरात जमणाऱ्या बालमित्रांनी ‘दिल चाहता है’ (२००१) पाहावा की ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११), असे विचारल्यास माझा कौल दुसऱ्याला आहे. पहिल्यात आपले जिच्यावर प्रेम आहे त्या ताराविषयीच्या बोचऱ्या शेऱ्यावरून सिद्धार्थ आपला मित्र आकाश याला थप्पड मारतो आणि त्यानंतरचा दुरावा मनाला फार लागतो. नोकरीधंदा मात्र तिथे पार्श्वभूमीलाच राहतो. दुसऱ्यात लंडनमध्ये दलालीच्या व्यवसायात बुडालेला अर्जुन स्पेनच्या सहलीतही कामाचे फोन सोडत नाही, तेव्हा वैतागलेला त्याचा मित्र इम्रान त्याचा फोन गाडीबाहेर भिरकावतो. शिरोलीच्या फौंड्रीत पाळ्या सांभाळणारा एक आणि पुण्याहून येऊन रंकाळ्यावरही लॅपटॉप उघडणारा दुसरा, अशा मित्रांना हा प्रसंग झोंबेल, पण बोलतेही करील.