साडेपाचशेच्या पुढे: रोज नवा पेपर की जुन्याची चिरफाड?

नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, सरावात ७२० पैकी ५५० पडू लागले की लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत दोन पंथ दिसतात.

पहिला रोज नवा पेपर सोडवणारा. १८० मिनिटांत १८० प्रश्न उरकायची सवय लागते, ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, हात बसतो. पण हा फायदा सुरुवातीच्या पंधरा-वीस पेपरांतच पदरात पडतो. पुढं त्याच चुका नव्या कागदावर.

दुसरा सोडवलेल्या पेपरची चिरफाड करणारा, म्हणजे एकेक चूक का झाली ते तपासणारा. चिरफाडीला पेपरपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून कंटाळा. वहीत तीन खाने करा: आलंच नाही, अर्धवट आठवलं, वाचताना घसरलो. ‘अयोग्य विधान निवडा’मधला ‘अ’ नजरेतून सुटला की खाना तिसरा. येणारे ४ बुडतात, वर १ कापला जातो. अशा सहा चुका म्हणजे ३० गुण. दुसऱ्या खान्यासाठी एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातलं तेच पान पुन्हा वाचा, आकृतीखालच्या ओळीसकट. पहिल्या खान्यातलं, समजा भौतिकशास्त्रातल्या रोटेशनचं, गणित चार दिवसांनी उत्तर झाकून सोडवा. नुसतं सोल्यूशन वाचून कळल्यासारखं वाटतं, हात मात्र चालत नाही. तुक्क्यानं बरोबर आलेलेही वहीत हवेत. बहुतेक जण इथंच स्वतःला फसवतात.

आमचा कल चिरफाडीकडे: आठवड्याला दोनच पेपर, बाकी दिवस वही. शेवटचे वीस प्रश्न कोरे राहत असतील, तर मात्र महिनाभर रोजचा पेपर धरा.

कुठलाही पंथ असो, पेपर दुपारी २ ते ५ मध्येच सोडवा. खरा पेपर त्याच वेळेला असतो, आणि मराठवाड्यातल्या उन्हात भाकरी खाऊन बसलं की तीनला डोळे मिटतात.