एआयला लगाम: कायद्याने की कराराने?

युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना यंत्राने ओळखण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. कामगार संघटना नसलेल्यालाही हे संरक्षण मिळतं.

संघटनेने कंपन्यांशी केलेला करार मात्र नेमका असतो. अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून अटी मिळवल्या: लेखकावर एआय वापरण्याची सक्ती नाही, आणि कंपनीने दिलेला मजकूर यंत्राने लिहिलेला असेल तर तसं सांगावंच लागतं. काम ज्यांना ठाऊक, त्यांनीच या अटी मांडल्या. म्हणून मला करार अधिक पटतो. पण डिलिव्हरीत एकेकटं राबणाऱ्यामागे संघटना कुठे? त्याला आधी कायदाच हवा.