लांबट झालेला कॅक्टस: कापायचा की नुसता उन्हात हलवायचा?

टीव्हीशेजारी ठेवलेला कॅक्टस चार-पाच महिन्यांत वरून बोटाएवढा बारीक, फिकट पोपटी होऊन खिडकीकडे झुकला की समजायचं उजेड कमी पडला, आणि लोकांना वाटतं वा काय वाढलाय, पण ती वाढ नाही हो, उजेड शोधायची धडपड आहे ती.

न कापता हलवलं तर झाडाला त्रास कमी, पण एकदा बारीक झालेला भाग परत जाड होत नाही, वर नवीन वाढ जाड येते आणि मधे कंबर राहते, पुढे वजन वाढलं की तिथूनच वाकतो, काठीचा आधार द्यावा लागतो. आणि थेट दुपारच्या उन्हात नका ठेवू, पांढरट डाग पडतात ते कायमचे. आधी आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवायचं.

कापायचं तर सुरी स्पिरिटने पुसून घ्या, जाड हिरव्या भागात काप द्या, वरचा तुकडा सावलीत आठ-पंधरा दिवस सुकू द्या, कापलेली जागा हाताला कडक, कोरडी लागली की मगच वाळू जास्त असलेल्या मातीत. खालच्या बुंध्याला बाजूने पिल्लं फुटतात, म्हणजे एकाची दोन झाडं. फक्त पावसाळ्यात कापू नका प्लीज, आपल्याकडच्या दमट हवेत काप सुकतच नाही, सडतो. फेब्रुवारी-मार्च बेस्ट.

मी तरी कंबर फारच बारीक असेल तर कापतेच, थोडीशीच असेल तर राहू देते. पण जागा दोन्हीत बदलायचीच, नाहीतर नवीन पिल्लंही तशीच लांबतील.