कम्प्युटरला यूपीएस घ्यावा की घरचा इन्व्हर्टर पुरे?

मे महिन्यात भर दुपारी आमच्या जुळे सोलापुरात लाईट गेली की पंख्याचा आवाज थांबतो आणि टेबलाखालचा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कम्प्युटरला थोडा वेळ वीज पुरवणारा बॅटरीचा डबा, टीं-टीं करायला लागतो. मावसभावानं नुकताच कम्प्युटर घेतलाय, टॉवेलच्या डिझाइनचं काम घरूनच करायचं म्हणतो. त्याचा प्रश्न सरळ होता: "दादा, इन्व्हर्टर बसवायचाच आहे, मग यूपीएसला वेगळे तीन हजार कशाला घालू?"

प्रश्न रास्त आहे. आधी हिशेब बघू. साध्या 600 व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, किती लोड पेलतो त्याचं माप) यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 एएचची (अँपिअर-अवर) एकच छोटी बॅटरी असते, म्हणजे कागदावर 84 वॅट-अवर वीज साठते. मॉनिटरसकट कम्प्युटर 120 वॅट ओढत असेल, तर हातात दहा-पंधरा मिनिटं येतात. तेवढ्यात फाइल सेव्ह करायची आणि मशीन नीट बंद करायचं. काम चालू ठेवायला हा यूपीएस नाहीच. इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी म्हणजे 1800 वॅट-अवर. कम्प्युटर, एक पंखा, दोन एलईडी दिवे आणि राउटर धरले, तर घट वजा जाऊन चारेक तास निघतात. खर्च मात्र बॅटरीसकट वीस हजारांच्या आसपास.

मग इन्व्हर्टरच जिंकला म्हणायचं? अडचण लाईट जाते त्या क्षणाची आहे. कम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) वीज तुटल्यावर पूर्ण लोडवर जेमतेम 16 मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो. इन्व्हर्टरचं त्याच्या मोडवर अवलंबून. बहुतेक इन्व्हर्टरांना एक बारीक बटण असतं, एकीकडे 'यूपीएस' आणि दुसरीकडे 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलवर तो पार 100 व्होल्टपर्यंतची वीज तशीच पुढे सोडतो आणि बॅटरीवर यायला वेळ लावतो. पंख्याला काही फरक पडत नाही, कम्प्युटर मात्र फटकन रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर साधारण 180 व्होल्टच्या खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर येतो. आमच्याकडे हे बटण पहिलं वर्षभर नॉर्मलवरच होतं. बसवणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही मागं वाकून पाहिलं नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या रॅमला देत राहिलो.

दुसरी गोष्ट वेव्हची, म्हणजे इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या विजेच्या लहरीच्या आकाराची: साइन वेव्ह मेनच्या विजेसारखी गुळगुळीत, स्क्वेअर वेव्ह चौकोनी. कम्प्युटर चालवायचा असेल तर स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर घेऊ नका, प्युअर साइन वेव्हच घ्या. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (मेनमधून वीज नीट खेचणारं सर्किट) असतं, त्याला स्क्वेअर वेव्ह कधी कधी झेपत नाही. शिवाय अशा इन्व्हर्टरच्या पुढं यूपीएस जोडला, तर त्याला ती वीज खराब वाटते आणि तो टक-टक करत पुन्हा पुन्हा स्वतःच्या बॅटरीवर जातो.

आता आपल्या उन्हाचं. यूपीएसमधली सीलबंद बॅटरी 25 अंशांच्या आसपासचं तापमान धरून बनवलेली असते. त्यावर दर 10 अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि यूपीएस असतो टेबलाखाली भिंतीला चिकटून. माझी दुसरी बॅटरी इतकी फुगली होती की खोक्यातून निघेना. कडेनं पट्टी सारून, हलवत-हलवत काढावी लागली. नवी बॅटरी हजाराच्या आसपास येते, तेव्हा दर दोन वर्षांनी तो खर्च धरूनच चाला. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी जास्त टिकते, फक्त डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत राहायला हवी. नळाचं पाणी अजिबात नको.

लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. त्याचा हीटर एकदम एवढा करंट खेचतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन बसतो. ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला 600 व्हीए अपुरा; 1000 व्हीए तरी हवा.

भावाला मी सांगितलं, साइन वेव्हचा इन्व्हर्टर घे, बटण यूपीएसवर ठेव, आणि यूपीएसचे तीन हजार सध्या खिशातच राहू दे. लॅपटॉप असता तर एवढाही विचार नको होता, त्याची बॅटरी त्याच्यातच असते. घरात इन्व्हर्टर घ्यायचाच नसता, तर मात्र यूपीएसशिवाय डेस्कटॉप चालवू नको म्हटलं असतं.

बसवणारा माणूस दारात असतानाच, कुठलीही कामाची फाइल उघडी न ठेवता, मेन स्विच चार-पाच वेळा पाड. कम्प्युटर एकदा जरी रीस्टार्ट झाला, तर पैसे देऊ नको.