कॅलिफोर्नियातली बर्कले की टेक्सासातली यूटी ऑस्टिन, या दोन अमेरिकन युनिव्हर्सिटींत आत जाणं कुठे जास्त अवघड?

नुसता टक्का बघितला तर उत्तर सोपंय, २०२३ ला बर्कलेला सव्वा लाखावर अर्ज आले आणि १२ टक्क्यांहून कमी पोरं घेतली, ऑस्टिनला ३० टक्क्यांच्या आसपास. पण हा आकडा फसवा आहे हो! टेक्सासच्या कायद्यात वर्गातल्या वरच्या पोरांना आपोआप प्रवेश मिळतो, २०२३ ला ऑस्टिनसाठी ती रेघ वरच्या ६ टक्क्यांवर होती. माझी भाची ह्यूस्टनजवळच्या शाळेत होती, ४०० जणांत २१वी, म्हणजे रेघ २४ व्या नंबरवर, त्या रँकच्या कागदाची घडी ती आठवडाभर उघडून बघायची. पण आपोआप मिळतो तो युनिव्हर्सिटीत, कम्प्युटर सायन्समध्ये नाही, तिथली चुरस वेगळीच. आणि बहुतेक जागा टेक्सासवाल्यांना, त्यामुळे न्यू जर्सीतल्या पोरासाठी तो ३० चा टक्का खरा नाहीच.

बर्कलेत असली रेघ नाही, एसएटी ही प्रवेशपरीक्षा तर बघतच नाहीत, मार्क, विषय आणि ३५०-३५० शब्दांची चार उत्तरं. टेक्सासात राहत असाल आणि रँक वर असेल तर ऑस्टिन नक्की धरा, बाहेरून असाल तर माझ्या मते दोन्ही सारखीच अवघड समजा.